आसरांपुढचा नारळ

एक

माझ्या इंद्रभानचं वागणं मला पटत नाही, आणि हे मी पाठीमागं बोलत नाही, त्याच्या तोंडावर सांगत आले. घरी भाजी खारट झाली तरी गुपचूप जेवेल, इतका गरीब. पण गावच्या राजकारणाचं नाव निघालं की अंगात येतं.

मागचा सरपंच वीरेंद्र, कपबशी निशाणीवाला. समाजमंदिराच्या सिमेंटात त्यानं स्वतःचा गोठा बांधला, हे खरं. तेव्हा ग्रामपंचायतीला कुलूप ठोकायला माझा पोरगा सगळ्यात पुढं होता. वीरेंद्रच्या खुर्चीवर यानं बांगड्या नेऊन ठेवल्या. मी म्हटलं, "काहून रे, चोराले लाजवाले बायकायचा दागिना? तुले भरवलं ते हात काय उघडे होते?" तर हसला. ते कुलूप पुढं तालुक्याच्या साहेबांनी उघडायला लावलं, ते यानं घरी आणून खुंटीला अडकवलं. येईल त्या पाहुण्याला दाखवतो, जशी काही कुस्तीची गदाच.

मग छत्रीवाले निवडून आले. राजपाल सरपंच झाला, इंद्रभान त्याचा उजवा हात झाला, आणि त्या दिवसापासून पोराचे डोळे गेले. नाली अर्धीच बांधली, तर "निधी कमी आला, माय." दिवे लागले आणि महिन्यात विझले, तर "कंपनी खराब निंघाली." राजपालच्या अंगणात फरशी बसली, तर "सासऱ्यानं देल्ली त्याच्या." वीरेंद्रला काय सासरा नव्हता?

देवाधर्माचं तेवढं माझं ऐकतो. मागच्या साली वावरात बोअर घेतलं, तेव्हा गाडीवाले नारळ फोडायला दगड पाहत होते. इंद्रभाननं हात धरला त्यांचा. "आमच्या घरी पाण्यापुढं आपटाआपट नाई करत," म्हणाला, आणि नारळ अख्खाच मांडला. ही रीत माझ्या सासूनं शिरपूरकडच्या तिच्या माहेराहून आणलेली. आमच्या गावात दुसऱ्या कोणाच्या घरात नाही. गाडीवाले फिदीफिदी हसले, हा बधला नाही. म्हणून मी मनाची समजूत घालायची की पोरगा मुळातून वाईट नाही, संगत वाईट आहे.

उन्हाळा तापायला लागला होता. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी सकाळी लालसिंग विहिरीकडून ओरडत आला.

"मोटर नाई! विहिरीत मोटरच नाई!"

लालसिंग आमच्या शेजारच्या तांड्यावरचा. गावाच्या नळाला पाणी सोडायचं काम त्याचं. साळ्याच्या लग्नाला गेला होता, तिथं मांडवात काही भांडण झालं म्हणून ठरल्यापेक्षा लवकर परत आला. आल्या आल्या पाणी सोडायला गेला, तर हे.

विहीर पाहून सगळे पारावर जमले. राजपाल कमरेचा पट्टा सावरत खुर्चीवर बसला. त्याची कंबर गेली आहे, तांब्यासुद्धा वाकून उचलत नाही.

"पंपाच्या खोलीचं कुलूप तुटलं का रे?" त्यानं विचारलं.

"नाई, साहेब. कुलूप जसंच्या तसं हाय."

"किल्ली कोणापाशी असते?"

"माह्यापाशी. आन एक..."

"झालं तं मंग!" राजपालनं त्याला पुरं बोलूच दिलं नाही. "कुलूप फोडलं नाई, किल्ली तुह्यापाशी. इकली भंगारात. आन चोरी करून वर आसरापुढं दहीभात बी ठेवला यानं. रोज त्या विहिरीवर असते, भेव वाटलं असन. सोमवारी ग्रामसभा. याले कामावरून काढू आन पोलिसात देऊ. कोण कोण तयार हाय, हात वर करा."

सगळ्यात आधी जो हात वर गेला, तो माझ्या इंद्रभानचा होता.

दोन

दुपारी लालसिंगची बायको कमलीबाई माझ्या दारात उभी राहिली. रडत नव्हती. रडून झालं होतं.

"चतुराबाई, माह्या माणसाले जेलात टाकून राह्यले. तुमचं पोरगंच सगळ्यायच्या पुढं हाय. तुमी बोला ना त्याले."

"बोलतो. पण आधी तुले बोलतो," मी म्हटलं. मला उगाच गोड बोलता येत नाही. "वीरेंद्रनं सिमेंट खाल्लं तवा तू काय म्हणे? इथंच उभी होती."

तिनं मान खाली घातली. "म्हणो की, खाल्लं तं खाल्लं, तांड्याचा रस्ता तं केला."

"मंग आज राजपालचे लोकं तसंच म्हणतीन. तवा काय करशीन?"

"चुकलंच. पण चोरी यायनं नाई केली, बाई. लेकरायच्या डोक्यावर हात ठेवून सांगतो."

शपथेवर माझा विश्वास नाही. डोळ्यांवर आहे. मी काठी घेतली आणि तिला घेऊन विहिरीवर गेले.

गावची विहीर नाल्याच्या काठाला. कठड्याशेजारी शेंदूर लावलेले सात दगड आहेत, त्या आसरा. पाण्यातल्या बाया. विहिरीत काही सोडायचं असो की काढायचं, आमच्याकडे आधी त्यांना बिनमिठाचा दहीभात आणि नारळ द्यावा लागतो. नाहीतर त्या माणूस ओढून नेतात असं म्हणतात. दगडांपुढं पळसाच्या पानावर दहीभात होता, वाळलेला, मुंग्यांनी भरलेला. कुंकू ताजं होतं. नारळ दिसला नाही, करवंटीचा तुकडासुद्धा नाही. मी म्हटलं, चोर भित्रा आहे आणि कंजूसही.

कमलीबाई त्या पानाकडं पाहत राहिली. मग म्हणाली, "हे आमचं नोहे."

"कसं काय?"

"आमच्यात असा भात नाई ठेवत, बाई. आमी अंगार पेटवतो, त्याच्यावर तूप आन गूळ टाकतो. यायनं केलं असतं तं राख असती इथं."

मी काठीनं सगळं उकरून पाहिलं. राख नव्हती, कोळसा नव्हता, जळालेलं गवत नव्हतं. रोज विहिरीवर जाणारा लालसिंग आयुष्यभराची रीत सोडून एका चोरीपुरता आमची रीत धरेल? माणूस चोरी करताना देव बदलत नाही. उलट तेव्हाच घरचा देव घट्ट धरतो.

मग पंपाच्या खोलीत गेले. लालसिंगच्या किल्लीनं कमलीबाईनं कुलूप उघडलं. भिंतीवरच्या स्टार्टरपासून निघालेली केबल तोडलेली नव्हती, स्क्रू काढून सोडवलेली होती, आणि तिच्या टोकांना कोणीतरी काळी पट्टी गुंडाळली होती. कोपऱ्यात बिस्किटांचा पत्र्याचा डबा. हलवला तर खुळखुळला. आत पाइपाचे सगळे नट-बोल्ट, तेलाचं बोट लावून ठेवलेले.

"कमली, तुह्या घरी चोर आला, पेटी घेऊन गेला. पेटीचे बिजागरे तुह्यासाठी पुसून ठेवून जाईन का?"

तिनं डबा माझ्या हातातून घेऊन नीट पाहिला.

भंगारवाला केबलीतल्या तांब्यासाठी जीव टाकतो. तो केबल सोडून जात नाही, बोल्टांना तेल लावत बसत नाही. हे सगळं तो करतो, ज्याला हेच सामान पुन्हा याच जागी बसवायचं आहे.

मोटर कोणी चोरली नव्हती. कोणीतरी वापरायला नेली होती.

तीन

येताना वीरेंद्रच्या घरावरून आले. त्या गोठ्याच्या सावलीतच त्यानं खाट टाकली होती. मी आलेली पाहून त्याला आनंद झाला.

"या माय, या. लालसिंगासाठी फिरून राह्यल्या म्हणते. आमचा माणूस हाय तो."

"तुमचा हाय तं तू काय केलं त्याच्यासाठी?"

"निषेध केला ना. व्हॉट्सअॅपवर."

"मोटर शोधली का?"

तो खाटेवरून माझ्याकडे झुकला आणि आवाज बारीक केला. "कायले शोधाची, माय? उन्हाळाभर बाया घागरी घेऊन नाल्यात उतरू द्या. राजपालच्या नावानं बोटं मोडू द्या. पुढच्या इलेक्शनले छत्री पालथी पडते पाहा."

"आन लालसिंग?"

"सोडवू ना मंग. आपली सत्ता आल्यावर."

मी त्या गोठ्याच्या भिंतीवर काठी आपटली. "भिंत पक्की हाय रे, वीरेंद्र. समाजमंदिराची अशी राह्यली असती तं पावसात गळालं नसतं." त्यानं तोंड फिरवलं.

पारावर छत्रीवाले बसले होते. त्यांना मी एकच विचारलं. "विहिरीच्या कुलपाची दुसरी किल्ली कोणापाशी असते?"

एकानं खोकला काढला. दुसरा म्हणाला, "पंचायतीत. सरपंचाच्या टेबलात."

"मंग त्याले कोणी इचारलं का?"

"त्याले काहून इचारा? आपला माणूस हाय तो."

"वीरेंद्र सरपंच होता तवा हीच किल्ली त्याच्या टेबलात होती. तवा मोटर गेली असती तं?"

"तवा तं त्याचं टेबलच बाहेर फेकलं असतं," तो पटकन बोलून गेला, आणि बाकीचे हसले. स्वतःवर हसतोय हे एकालाही कळलं नाही. यांना मी लहानपणी नागडे नाल्यात खेळताना पाहिलं आहे. तेव्हा एकानं दुसऱ्याची गोटी ढापली तर सगळे मिळून त्याला धरायचे. कोणाची गोटी, कोणी ढापली, हे कोणी पाहत नव्हतं. मोठे होऊन यांची अक्कल वाढली की झडली, देव जाणे.

पण एक गोष्ट मनात पक्की झाली. उन्हाळ्यात दुसऱ्याची मोटर कोण वापरायला नेईल? ज्याची स्वतःची जळाली, तो. आणि आमच्या भागात जळालेल्या सगळ्या मोटरी एकाच दुकानात जातात.

चार

दुसऱ्या दिवशी जीपनं शेलूबाजारला गेले. हायवेला लागून हरीओमचं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. दारात मोटरी उघड्या पडलेल्या, आत वार्निशचा वास. हरीओम मला ओळखतो, आमची मोटर त्यानंच भरली होती.

"काय बुढी माय, एकल्याच?"

"आमची मोटर घुमून राह्यली रे. टाकाव म्हणतो तुह्याकडं."

"टाका, पण नंबर लागन. तार येऊन नाई राह्यला. ही पाहा, तुमच्या सरपंचाचीच मोटर खोलून पडली हाय. रोज फोन येते त्यायचा, झाली का, झाली का. म्हटलं साहेब, तारच नाई तं काय माह्या केसानं भरू?"

मी पाहिलं. मोटरचं पोट उघडं होतं, आतलं तांबं काळंठिक्कर.

"जळाली कवा?"

"बाजाराच्या आधी. संत्र्याले पाणी नाई म्हणून लय तकतक करत होते."

मी त्याला चहाचं नको म्हटलं आणि परतीच्या जीपमध्ये बसले. राजपालचा संत्र्याचा बगीचा गावाच्या अलीकडंच रस्त्याला लागून आहे. तिथं उतरले. मोटर शेलूबाजारात उघडी पडलेली, म्हणजे इथली माती तडकलेली असायला पाहिजे. मी पहिल्याच झाडाखाली पाय ठेवला आणि चप्पल चिखलात रुतली. ठिबकच्या नळ्या टपटपत होत्या. गावातल्या बाया नाल्यात खड्डे करून वाटीनं पाणी भरत होत्या, आणि इथं झाडांचे पाय धुणं चाललं होतं.

"काय माय, संत्री खाले आल्या का?" मागून राजपाल. कमरेला पट्टा, हातात मोबाइल.

"संत्री कुठी अजून? झाडं पाहून राह्यलो. मस्त हिरवे हायेत."

"मेहनत हाय, माय."

"आन आसरायची किरपा."

तो हसला. "तुमच्या आसरा तुमच्यापाशी ठेवा. माह्या विहिरीवर बी होते ते दगड. मीच गड्याकडून उपसून फेकले. असल्या गोष्टीले मी मानत नाई, माय. त्या लालसिंगासारखे लोकं मानतात. चोरी करतात आन वरून दहीभात."

त्याच्या या बोलण्यानं मीच अडकले. किल्ली याची, गरज याची, मोटर याच्या विहिरीत. पण तो वाकत नाही आणि आसरांना मानत नाही. दहीभात यानं ठेवला नाही, आणि दोर धरून विहिरीवर उभा राहून मोटर वर ओढणाराही हा नव्हता.

मग याच्यासाठी विहिरीवर गेलं कोण? आणि तेही भीत भीत?

पाच

बाजाराच्या दिवशी दुपारी गाव रिकामं असतं. सगळे शेलूबाजारला, मोटर काढायला तीच वेळ. तेव्हा विहिरीच्या बाजूला एकच माणूस असू शकतं, बेबीबाई. तिच्या बकऱ्या नाल्याच्या काठानंच चरतात.

बेबीबाई माझ्याच वयाची. तोंडाची फटकळ, हाताची मोकळी. बगीच्यातून मी तशीच तिच्याकडं गेले. गेल्या गेल्या तिनं भाकर वाढली. वर चटणी. मी घास घेतला आणि थांबले.

"बेबे, हे ओलं खोबरं हाय."

"हाव. काहून?"

"मागच्या हप्त्यात दुकानात नारळाकडं पाहून तूच तं म्हणे, पाहूनच पोट भरलं. मंग हे कुठून आलं?"

"पावण्यानं आणलं."

"कोणत्या पावण्यानं? तुह्याकडं बकऱ्या सोडून कोणी येत नाई."

ती चुलीकडं वळली. बराच वेळ फुंकत बसली, चूल पेटलेली असताना. मग म्हणाली, "मले पाप लागन का वं, चतुरा?"

"कायचं?"

"बाजाराच्या दिवशी बकऱ्या त्या वरच्या टेकडीवर गेल्या होत्या, मी त्यायच्या मागं. खाली ट्रॅक्टर घुर्र करत होता, पण पळसाच्या आड दिसला नाई. संध्याकाळी उतरलो तं आसरापुढं नारळ. म्हटलं, पोट्टे नेतीन, माकडं नेतीन, त्यापेक्षा मी नेतो. हात जोडले, म्हटलं, बायाहो, गरिबाची चटणी होईन. आन घरी आणून उखळावर फोडला."

मी घास ताटात परत ठेवला.

"तू फोडला?"

"हाव. मंग काय, दातानं खाऊ?"

"म्हणजे तिथं फुटलेला नव्हता?"

"नाई ना. अख्खाच ठेवला होता कोणीतरी. शेंडीसकट. मले बी नवल वाटलं."

मी उठले. बेबीबाई काहीतरी विचारत होती, मला ऐकू येत नव्हतं. मी काठी शोधत होते आणि काठी माझ्या हातातच होती.

घरी आले. सून वैजयंती अंगणात तांदूळ निवडत होती. खुंटीवर ते कुलूप चमकत होतं; त्याला इंद्रभान तेल लावून ठेवतो. बोल्टांना लावलं होतं तसंच.

"वैजयंती, बाजाराच्या दिवशी डब्यात काय देल्लं होतं इंद्रभानले?"

तिचे हात थांबले. "दहीभात, आत्याबाई."

"मीठ घालून?"

"नाई. म्हणे, मीठ नोको टाकू." मग तिनं वर पाहिलं, आणि तिचे डोळे भरून आले. पोरगी दोन दिवस हे पोटात घेऊन फिरत होती. "मी इचारलं, बिनमिठाचा कोणासाठी? तं म्हणे, तू बोलू नोको. राजपालभाऊनं पंचायत समितीचं तिकीट देतो म्हटलं हाय. आत्याबाई, त्यायले घरात काही म्हणू नोका. आज ग्रामसभा हाय. झाल्यावर बोला."

"झाल्यावर नाई," मी म्हटलं. "तिथंच."

सहा

पंचायतीच्या आवारात मांडव टाकला होता. एका बाजूला छत्रीवाले, एका बाजूला कपबशीवाले. मधे लग्नात पंगतीसाठी सोडतात तशी वाट. लालसिंग त्या वाटेत उभा होता, एकटा. कमलीबाई मांडवाच्या बांबूला धरून.

राजपालनं ठराव वाचायला सुरुवात केली. मी उठले.

"माय, खाली बसा. महिलायचा इषय नंतर हाय," ग्रामसेवक म्हणाला.

"पाणी कोण भरते रे गावात? तू भरते?" बायका हसल्या. त्यानं खुर्ची मागं घेतली.

मग मी सांगितलं. राखेचं सांगितलं. केबलीचं, पट्टीचं, तेल लावलेल्या बोल्टांचं सांगितलं. "हे चोराचं काम नोहे. हे परत आणणाऱ्याचं काम. लालसिंग लग्नातून वेळेवर आला असता तं मोटर मुकाट्यानं जागेवर बसली असती, आन आपण म्हटलं असतं, लाइट नव्हती. तो आधी आला, बोंबलला, म्हणून तोच चोर ठरला. ज्यानं आग लागली म्हणून ओरडलं, त्याच्याच हातात काडी देल्ली तुमी." दुसऱ्या किल्लीचं सांगितलं. शेलूबाजारात पोट उघडून पडलेल्या मोटरीचं आणि बगीच्यातल्या चिखलाचं सांगितलं. चप्पल काढून दाखवली, माती अजून होती.

राजपालचा चेहरा उतरला, पण जीभ उतरली नाही. "म्हणजे मी विहिरीवरून मोटर ओढली? ह्या कमरेनं?"

"नाई. तुवा किल्ली देल्ली. ओढणारा दुसरा होता. आसरायले भेणारा. त्यानं बिनमिठाचा दहीभात ठेवला, आन नारळ ठेवला. बेबे, सांग."

बेबीबाई उठली, पदर तोंडाला. "अख्खा होता. मी खाल्ला. कोणाले पाप लागत असन तं मलेच लागू द्या."

मी गावाकडं पाहिलं. "पाण्यापुढं नारळ न फोडणारं ह्या गावात घर कोणतं? माह्या बोअरपुढचा अख्खा नारळ तुमी सगळ्यायनं पाह्यला हाय."

 माना वळल्या, एकेक करून, इंद्रभानकडं. तो उभा राहिला. 

"चार दिवसांसाठीच नेली होती, माय. संत्र्याचा आंबिया बहार गळून राह्यला होता त्यायचा. परत आणून बसवणारच होतो. मंग लालसिंग ओरडला, आन..."

"आन तुवा हात वर केला."

आता खरी गंमत ऐका. ज्यांनी पारावर पोलिस-पोलिस केलं होतं, तेच छत्रीवाले कुजबुजायला लागले. "जाऊ द्या ना, बाप्पा." "मोटर तं सापडली." "घरातली गोष्ट हाय, घरात मिटवून टाका." ग्रामसेवकानं ठरावाचा कागद घडी करून खिशात घातला.

"काहून?" मी ओरडले.  "लालसिंगासाठी पोलिस, आन राजपालसाठी चहा? गुन्हा तोच, मोटर तीच. माणूस बदलला तं गोष्ट घरातली झाली?"

तेवढ्यात दुसऱ्या बाजूला गोंधळ उठला. वीरेंद्रची माणसं नाचत होती. "बांगड्या आणा! सरपंचाले बांगड्या!" एकानं पुडकं आणलंही होतं, काल मोटर नको म्हणणाऱ्या वीरेंद्रच्याच घरून. मी ते त्याच्या हातातून ओढलं आणि कमलीबाईच्या ओटीत टाकलं. "ह्या कष्ट करणाऱ्या हातात शोभतात. आन तू वीरेंद्र, खाली बस. तुह्या गोठ्यातलं सिमेंट मोजाले अजून कोणी गेलं नाई, म्हणून तू आज नाचून राह्यला."

तो बसला. मला वाटलं होतं, खरं सांगितलं की गाव लाजेल. गाव लाजलं नाही. एक बाजू खूश झाली, एक बाजू नाराज, आणि घटकाभरानं दोन्ही घरी जाऊन जेवली असती. लालसिंग मधल्या वाटेत तसाच उभा होता. त्याला अजून कोणी बस म्हटलं नव्हतं.

मी त्याला माझी खुर्ची दिली. मग पोराकडं वळले. तो माझ्यापेक्षा उंच आहे, पण त्या दिवशी मला मान वर करावी लागली नाही.

"इंद्रभान, ऐक. मोटर नेली, त्याच्यासाठी पोलिस हाय, आन मी त्यायले अडवणार नाई. लालसिंगाचं नाव घेतलं, त्याच्यासाठी मी हावो. पाण्यातल्या बायायले तू भेला. त्यायच्यापुढं दहीभात मांडला, नारळ ठेवला, माह्या सासूची रीत राखली. आन पाण्यावाचून नाल्यात उतरणाऱ्या ह्या बायायपुढं काय मांडलं तुवा? ह्या कमलीपुढं? आधी लालसिंगाच्या पाया पड, इथं, सगळ्यायसमोर, ज्या हातानं त्याले चोर केलं तेच हात जोडून. मंग घरी जाय. खुंटीवर ते कुलूप हाय ना, वीरेंद्रसाठी आणलेलं? ते घेऊन ये, आन आपल्या हातानं ह्याच दाराले लाव. तोवर माह्या चुलीवर तुह्यासाठी भाकर नाई. आन लावाले हात थरथरले, तं समजून घे, तवा बी तू चोरासाठी कुलूप आणलं नव्हतं. कपबशीसाठी आणलं होतं."